वानखडेंची मूठ

सोम. ९ फेब्रु.
मांजरीच्या ऊस संशोधन संस्थेतून उसाच्या चिपाडांच्या कोळशाची पोती आली. लोहखनिजाची भुकटी भाजून तिचे गोटे करायचे, की मग ते मोठ्या भट्टीत जातात. त्या भाजण्याला दगडी कोळशाचा कोक लागतो. त्यातला अर्धा काढून हा घालायचा. माझाच हट्ट. विभागप्रमुख साहेबांनी महिनाअखेरची मुदत दिलीय. नाही जमलं तर आमचं भाजायचं भांडं भंगारात आणि प्रयोगशाळेत संगणक. "बाई, सगळं जग खराडीच्या आयटी पार्कात चाललंय." जाऊ दे की, मी कुठे अडवलंय.

गुरु. १२
पहिली चाचणी. मिश्रण ओलवताना वानखडेंनी मूठभर घेऊन दाबलं. (आमचे तंत्रज्ञ. मूळचे अकोल्याचे, बावीस वर्षं याच भांड्याशी.) मूठ उघडली तर नुसता चुरा. "मॅडम, पाणी कमी पडून राहिलं." मी पाण्याचा तक्ता दाखवला, नेहमीएवढंच आहे म्हटलं.
पेटवलं. आग अर्ध्यावर विझली. भांडं उलटं केलं तर वरच्या अर्ध्याचा गोटा, तळाची भुकटी कच्चीच. साहेब नेमके तेव्हाच आले.

शुक्र. १३
दोन ओळींचा अहवाल देऊन टाकला: हा कोळसा चालत नाही. घरी ह्यांनी विचारलं, काय झालं. काही नाही म्हटलं.

सोम. १६
उरलेला कोळसा सहज पेल्यातल्या पाण्यात टाकला. जेवून येते तो पाणी निम्मं! तक्ता कोकचा होता. कोक पाणी पीत नाही, हा ढोसतो. खनिजाला उरलंच नाही, मग भुकटीच्या गोळ्या धरणार कुठून आणि त्यांच्यामधून आगीला हवा मिळणार कुठून. पहिल्या वर्षाच्या मुलाने हे केलं असतं तर मी त्याची बिनपाण्याने केली असती. लाज वाटली.
वानखडेंना म्हटलं, तुम्हाला कळलं होतं तर बोलायचं होतंत.
"बोललो होतो मॅडम."

मंगळ. १७
पाणी वानखडेंनी ठरवलं. झारीने शिंपडायचं, मूठ दाबायची, पुन्हा शिंपडायचं. शेवटी मुठीत लाडू राहिला. "आता पेटवा."
आग तळापर्यंत गेली. गोटे फरशीवर आपटले, बरेचसे शाबूत. फार आनंद झाला. वानखडेंनी चहा सांगितला, स्वतःहून.

शुक्र. २०
आधीचा अहवाल मागे घेतला. कारण: चूक माझी. नव्यात पाण्याचा रकाना आला आणि हात थांबला. मंगळवारी झारी किती वेळा भरली, कोणी मोजलंच नव्हतं. खरं तेच लिहिलं: वानखडे यांच्या मुठीने.
साहेबांचा लाल शाईत शेरा: "मूठ म्हणजे किती लिटर?"
प्रश्न रास्त आहे. एका चाचणीपुरता कोळसा उरलाय. सोमवारी मोजपात्र घेऊन मी उभी राहणार, थांबा कधी म्हणायचं ते वानखडे सांगतील. व्हरांड्यात संगणकांची खोकी येऊन पडलीत.