किल्ली लपवणारे लोक

३ ऑगस्ट, रविवार
लकव्याला आज सव्वा महिना झाला. मी ठणठणीत. घरच्यांना पटत न्हाई, कारण घरच्यांना डोकं न्हाई. माझ्या मोटारसायकलची किल्ली लपवलीय. कपाट, गादी, गव्हाची कोठी, सगळं पाहिलं. पोराला, भारतला, विचारलं तर म्हणे, अण्णा, किल्ली कुणीच हलवली न्हाई. मास्तराचा पोरगा, अन् खोटं इतकं कच्चं.
१२ तारखेला अंगारकी. राजूरच्या गणपतीला स्वतः गाडी चालवत जाणार. ठरलं.

४ ऑगस्ट
ही ताटात भाजीच वाढत न्हाई. भाकरी, ठेचा, बस. बोंब मारली की ताट गर्रकन फिरवती, अन् भाजी हजर. बेचाळीस वर्षांनी बायको जादूगार निघाली.

५ ऑगस्ट
शुक्रवारी डोक्याची तपासणी. लकव्यानंतर सगळ्यांचीच करतात म्हणे. आठवण, लक्ष, हिशेब. पास झालो तरच गाडीचं बघू, असं डॉक्टर म्हणला. डॉक्टर म्हणजे मिसरूड न फुटलेलं पोरगं. मी तीस वर्षं गणित शिकवलं. दहावीच्या सेंटरवर बुटातून, वेणीतून, एकदा तर भाकरीच्या घडीतून कॉपी काढली. मला कोण नापास करणार?

६ ऑगस्ट
तातेराव आल्ता. त्याला होळीला लकवा झाल्ता, तपासणी पण झाली. पेपर फोडून गेला. पाच शब्द सांगतात, पाच मिनिटांनी विचारतात. बाभूळ, चष्मा, विहीर, गूळ, पाळणा. गड्याला चारच आठवले, तरी गावभर मिरवून राह्यला.

७ ऑगस्ट
कॉपी वाईटच. पण ही कॉपी न्हाई, उजळणी. पाची शब्द डाव्या तळहातावर बारीक लिहून पाहिले. उद्या परत गिरवायचे.

८ ऑगस्ट
फालतू तपासणी. शीतल नावाची सिस्टर. शंभरातून सात-सात वजा करा म्हणली. खटाखट केले. घड्याळ काढा म्हणली. काढलं, बाराही आकडे उजवीकडं नीट दाटीनं बसवले. तिला तेही पसंत न्हाई. डावीकडं काहीच न्हाई म्हणे. डावीकडं काय असतं?
शब्द तीन आठवले. तळहात बघितला तर कोरा. घामानं पुसलं असंल. तेवढ्यात तिनं माझा दुसरा हात उचलला.
"सर, इथं तर अख्खा पेपर हाय."
त्या हाताचं ध्यानातच आलं न्हाई. ऐनवेळी कुणाचंही होतं.
डॉक्टर भारतशीच बोलला. हिशेब बराबर, आठवण बरी, पण डावीकडची दुनिया यांच्या लक्षातच येत न्हाई. गाडी बिलकुल न्हाई. दुनिया म्हणे. इंजेक्शन टोचायचं सोडून कीर्तन करून राह्यलं पोरगं.

११ ऑगस्ट
भारतच्या खिशांची झडती घेतली. एक कंगवा, दोन चॉकलेटं. उद्या शेवटची मुदत. न्हाईतर पायी जाईन.

१२ ऑगस्ट, अंगारकी
सकाळी सातलाच घर डोक्यावर घेतलं. शेवटी ही चुलीपासून उठून आली. पिठाच्या हातानं माझी हनुवटी धरली, लहान लेकराची धरतात तशी, अन् डावीकडं वळवली. आरशाशेजारची खुंटी. किल्ली. लाल दोऱ्यासकट.
"लपवून काय करायचं व्हतं?" ही म्हणली.
किल्ली घेतली न्हाई. भारतच्या मागं बसून राजूरला गेल्तो.

दुपारी दोन
अंगारकीला यंदा गर्दी निम्मीच व्हती. भारतला तसं म्हणलं, तर म्हणे, अण्णा, जरा मान वळवा.
वळवली न्हाई.