आठ मिनिटं

४ मार्च
साहेब आज आडवे झाले! जन्मभर लोकांच्या पोटात दुर्बीण घालणारा माणूस, पण स्वतःची वेळ आली की "परवा बघू." आज मीच दार अडवून उभी राहिले. म्हटलं, चहा घेतला नाहीत ना? मग व्हा आडवे!

घशात फवारा, दातांत ठोकळा. दुर्बीण डॉक्टरबाईंच्या हातात — साहेबांचीच विद्यार्थिनी, येऊन वर्ष नाही झालं. घड्याळ माझ्याकडे. जठर आठ मिनिटं बघायचं, त्याआधी नळी बाहेर काढायची नाही, हा नियम साहेबांचाच. पण गर्दी वाढली तसे तेच चार मिनिटांत उरकायला लागले. मी वहीत मिनिटं लिहायची आणि गप्प बसायची.

चौथ्या मिनिटाला साहेबांचा हात हलायला लागला — पुरे, पुरे! बाई म्हणाल्या, "सर, अजून चार." लाळ गळतेय, हात हलतोय, बाई ढिम्म. सातव्या मिनिटाला पाण्याचा झोत मारला, चिकट थर निघाला आणि खाली डाळीएवढा फिका डाग! निळं औषध फवारलं तशी त्याची कड उठून दिसली. साहेबही पडद्याकडेच बघत होते. हात थांबला. मग अंगठा वर!

बाईंनी डागाचा कण तपासणीला काढला, मी वहीत लिहिलं — आठ मिनिटं.

११ मार्च
कॅन्सरच. पण अगदी सुरुवातीचा, वरच्या अस्तरापुरता. पोट फाडायला नको, दुर्बिणीतूनच निघेल. साहेबांच्या बायको, आमच्या वहिनी, त्यांच्यावर कडाडल्या, "सारखं सांगते, जेवताना घाई करू नका!" साहेब म्हणाले, "त्याचा याच्याशी काय संबंध?" "नसू दे. ऐकलंत का कधी?"

१८ मार्च
काढला! डागाखाली औषध टोचून अस्तर फुगवलं आणि कडेकडेनं अलगद सोलून काढलं. दोन तास. बाईंचा हात हलला नाही. तुकडा बुचाच्या पाटीवर ताणून टाचण्या लावल्या. शुद्धीवर येताच साहेबांचा पहिला प्रश्न — "टाचण्या गंजक्या नाहीत ना?" मेलं हे म्हातारं खोड!

२५ मार्च
रिपोर्ट यायचाय. बाई जेवत नाहीत, मी जेवते आहे — दोघींचं!

२६ मार्च
चारही कडा स्वच्छ! खालची बाजूही स्वच्छ! बाईंना उचलून गरकन फिरवलं, त्या ओरडल्या, मी हसले, मग दोघी रडलो. इतकी खूश मी माझ्या लग्नातही नव्हते.

साहेब मात्र म्हणाले, "मी तपासलं असतं तर हा डाग राहून गेला असता. तुमची वही आणा, सिस्टर."

२७ मार्च
आठ मिनिटांच्या आत उरकलेले सगळे परत बोलवायचे. साहेब स्वतः फोन करून माफी मागणार. दिवसभर मी वहीतून यादी उतरवत होते. बत्तिसावं नाव माझं. साडेतीन मिनिटं. "उरका साहेब, बाहेर गर्दी आहे," असं तपासणीसाठी आडवं होता होता मीच म्हटलं होतं.

सोमवारी उपाशीपोटी जायचंय.