पिकअपच्या हौद्यावरचे घर आणि माझी इतर मालमत्ता

दिनांक ९ नोव्हेंबर २०२५, रविवार रोजी, माझ्या उजव्या डोळ्यावर मोतीबिंदूच्या ऑपरेशनची पट्टी असताना, माझा मुलगा यशवर्धन याने पोलोग्राउंडच्या आमच्या कारखान्यात जाऊन, मी सहा वर्षे खपून बांधलेल्या कॅम्परच्या खालून पिकअप गाडी काढून नेली आणि विकून टाकली. मला विचारले नाही. माझ्यामागे माझ्या वस्तूंचे काय होणार, याचा नमुना मला जिवंतपणीच पाहायला मिळाला. म्हणून हे मृत्युपत्र लिहीत आहे.

मी, श्रीमती इंदिरा प्रतापराव जामदार, वय ७१, बी. ई. (मेकॅनिकल) १९७६, पॉलिटेक्निकमधील निवृत्त व्याख्याती, राहणार स्नेहलतागंज, इंदूर. बुद्धी ठिकाणावर आहे. लिहिण्यावाचण्यास डोळ्याच्या डॉक्टरांची परवानगी आहे. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. दडपण आणण्याचा प्रयत्न घरात झाला, तो मी चालू दिला नाही. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही.

१. राहते घर. स्नेहलतागंजमधील दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट माझ्या नावे आहे. तो यशवर्धनला द्यावा. तो मुलगा आहे म्हणून देते. त्याच्या नोव्हेंबरमधील वागणुकीला ही पसंती आहे असे कोणी समजू नये. बाल्कनीतला नळ गळतो, हे मी त्याला मार्चपासून सांगत आहे. नळासकट द्यावा.

२. बँकेतील ठेवी. सर्व ठेवी माझी सून रुची हिला, तिच्या एकटीच्या नावे द्याव्यात. यशवर्धनला कारण विचारायचे असल्यास त्याने कलम ५ वाचावे.

३. कॅम्पर. ही वस्तू काय आहे ते आधी लिहिते, कारण आमच्या नात्यात तिला कोणी ठेला म्हणते, कोणी खोका. पिकअपच्या हौद्यात बसणारी ही एक खोली आहे. चालताना छत खाली असते. मुक्कामाला हँडल फिरवले की तारेच्या दोरावर छत अडीच फूट वर उचलले जाते, चारी बाजूंनी कॅनव्हास ताणला जातो आणि आत माणूस ताठ उभा राहू शकतो. एक पलंग, एक ओटा, पाण्याची टाकी, दोन खिडक्या. वजन ४१२ किलो, सांवेर रोडच्या धर्मकाट्यावर करून घेतले आहे. गाडीच्या नोंदणीत फेरबदल करावा लागू नये म्हणून मी ती सुटी बनवली. चार लोखंडी पायांवर खोली उभी राहते, गाडी मागे घेत खाली सरकवायची, पाय वर घ्यायचे आणि खोली चार साखळ्यांनी गाडीला आवळायची. कायद्याच्या दृष्टीने तो माल आहे. माझ्या दृष्टीने काय आहे ते लिहायला हा कागद पुरणार नाही.

प्रतापरावांशी माझे लग्न झाले तेव्हा त्यांनी मला कबूल केले होते की दर वर्षी एक महिना फिरायला जाऊ. चाळीस वर्षांत उज्जैन, ओंकारेश्वर आणि नात्यातली लग्ने झाली. दर वर्षी कारखान्यात कसली तरी ऑर्डर असे. ते गेल्यावर तेराव्या दिवसाच्या दुसऱ्या दिवशी मी कारखान्यात गेले, कोपऱ्यात उभी असलेली पिकअप मोजली आणि ड्रॉइंगचा कागद ताणला. माणूस म्हणून ते वाईट नव्हते. पण "पुढच्या वर्षी" हे शब्द मी आता कोणाकडून ऐकून घेत नाही.

बांधकामात माझ्या दोन चुका झाल्या. दोन्ही इथे नोंदवते, म्हणजे मागाहून कोणी शोधून काढल्याचा आव आणणार नाही.

पहिली चूक. छत उचलायला मी भंगारातल्या मोटारींच्या डिकीचे गॅसचे दांडे लावले. थंडीत छत हलेना. मे महिन्याच्या दुपारी खिटी काढताच ते असे उसळले की वरची ट्यूबलाइट फुटली. कारखान्यातले जुने फिटर आशिष वर्मा खाली बसून हसत होते. "मॅडम, ये तो रॉकेट बन गया, अब इसरो को फोन लगाओ." मी दांडे काढले आणि हाताने फिरवायचा विंच बसवला. त्यात आठ महिने गेले.

दुसरी चूक मोठी आहे. पिकअपचा हौदा इथल्याच एका बॉडीवाल्याकडे बनवलेला होता आणि तो काटकोनात नव्हता. मागच्या बाजूला पुढच्यापेक्षा अकरा मिलिमीटर रुंद, डावी कड थोडी आत. एकतीस वर्षे मुलींना ड्रॉइंग शिकवलेल्या बाईने काय करावे? मी तो वाकडेपणा जसाच्या तसा कॅम्परच्या तळात उतरवला. दोन्ही बाजूंना सारखी सहा मिलिमीटरची फट.

आशिष म्हणाले होते, "मॅडम, थोड़ी जगह छोड़ दो. कल को गाड़ी बदलना पड़ी तो?"

"ढीलापन गलती होती है," मी म्हटले. "और गाड़ी क्यों बदलेगी?"

"अपने को क्या, मॅडम. अपन तो वेल्डिंग वाले."

थोडक्यात, जगातल्या एकाच गाडीवर बसेल अशी वस्तू मी बनवली आणि ती गाडी माझ्या नावावर नव्हती. ती फर्मच्या नावावर होती आणि फर्म यशवर्धनची आहे. त्याने चोरी केली असे मी म्हणत नाही. स्वतःची गाडी त्याने विकली. कॅम्पर त्याने चारही पायांवर अगदी समपातळीत उभा करून ठेवला होता, हेही खरे. वाईट काम त्याने नीट केले.

४. त्या दिवशीचे बोलणे. यशवर्धन दहा जणांत वेगळे सांगतो, म्हणून इथे लिहून ठेवते.

"आई, तू एकाहत्तर वर्षांची आहेस. एका डोळ्याने हायवेवर गाडी चालवणार?"

"डोळा तीन आठवड्यांत बरा होतो. डिसेंबरच्या वीस तारखेनंतर निघायचे ठरले होते. तुला माहीत होते."

"म्हणूनच विकली. तू ऐकलं असतंस का? खरं सांग."

"नसते."

"मग? दुसरी पिकअप घेऊन देतो ना, नवी. ड्रायव्हर पण देतो. उज्जैनपर्यंत जाऊन ये."

त्याने खरोखरच भाड्याची एक पिकअप आणवली. खोली मागच्या कोपऱ्यात अडकली. त्याच्या दोन माणसांनी ती वरून दाबली, तेव्हा मी ओरडले ते पोलोग्राउंडच्या चौकापर्यंत ऐकू गेले म्हणतात. बाहेर घोळका जमला. एकाने आशिषना विचारले, "भिया, पोहे का ठेला कब चालू कर रिये हो? जलेबी भी रखोगे क्या?" या शहरात चार पायांवर काहीही उभे केले की लोकांना पोहे दिसतात. तळ कापून लहान करा, असा सल्ला तीन जणांनी दिला. तळ कापला की टाकी, ओटा आणि विंच तिन्ही काढावे लागतात. मला आणखी सहा वर्षे कोणी लिहून दिलेली नाहीत.

माझी नणंद यमुनाताई समाचाराला आल्या. "वहिनी, झालं ते बरंच झालं. या वयात गाडीत झोपलात तर लोक म्हणतील सुनेने हाकललं." यमुनाताईंना या मृत्युपत्रात मी काहीही देत नाही. त्यामुळे त्या साक्षीदार म्हणून सही करू शकतात, आणि ती त्यांनी करावी.

५. गाडी कोणाला विकली ते यशवर्धन सांगत नव्हता. बारा दिवस मी विचारले. तेराव्या दिवशी रुचीने माझ्या डोळ्यांच्या थेंबांच्या डबीत एक चिठ्ठी ठेवली, त्यावर फोन नंबर होता. वीस वर्षांत आम्हा दोघींचे फारसे जमले नाही, चहातल्या साखरेवरूनही नाही. तरी या घरात मला काय हवे आहे ते तिने एकटीने ओळखले. ठेवी तिला का, याचे हे उत्तर.

खरेदीदार श्री. अरविंद पाटीदार, सांवेरच्या पुढच्या एका गावचे, मधमाश्या पाळतात. फोनवर त्यांचे पहिले वाक्य होते, "माताजी, गाड़ी वापस नहीं होगी, काग़ज़ पक्के हैं."

"गाड़ी नहीं चाहिए. उसका पीछे का डाला वैसा ही है ना?"

"आज तक तो है. कल कटवा रिया हूँ, साइड ऊँची करवाना है."

"कटर को हाथ मत लगाने देना. मैं आ रही हूँ."

काळा चष्मा लावून, आशिषच्या मोटरसायकलवर मागे बसून मी गेले. यशवर्धनला हे आत्ता वाचून कळेल. वेल्डर खरोखरच खडूने हौद्यावर खुणा करत होता. मी आधी टेप लावला. कडा शाबूत होत्या. मग पाटीदारांशी बोलले.

त्यांचा धंदा असा. फुले जिथे, तिथे माश्यांच्या पेट्या न्यायच्या. डिसेंबरात कोट्याकडे मोहरी, नंतर नीमचच्या बाजूला धने आणि ओवा. पेट्या भाड्याच्या ट्रकने जातात, हे पिकअपने मागून जातात आणि चार चार महिने पेट्यांशेजारी मेणकापडाच्या पालात झोपतात. पाल त्यांनी मला दाखवले. मी ते वाकून पाहिले आणि पुन्हा वाकले नाही.

"आपको एक कमरा देना है," मी म्हटले. "इसी गाड़ी पर बैठेगा. दूसरी किसी पर नहीं बैठता."

"मुफ़त में?" ते दोन पावले मागे सरले. "माताजी, बुरा मत मानना, बीमा-वीमा वाली तो नहीं हो?"

आशिषनी फोनवर फोटो दाखवले. पाटीदारांनी छत वर जातानाचा व्हिडिओ चार वेळा पाहिला आणि बायकोला हाक मारली. ती पाहून म्हणाली, "इसमें तो खड़े होके कपड़े बदल सको." एवढ्या वर्षांत माझ्या कामाची एवढी नेमकी पारख दुसऱ्या कोणी केलेली नाही.

६. म्हणून ठरवले ते असे. मृत्युपत्राने दिलेली वस्तू मेल्यावर मिळते. तोपर्यंत कॅनव्हासला बुरशी लागेल आणि विंच गंजेल. सबब सदर कॅम्पर मी श्री. अरविंद पाटीदार यांना जिवंतपणीच, विनामूल्य, कायमचा देत आहे. माझ्या वारसांचा त्यावर हक्क नाही. हे कलम त्यांना तसे सांगण्यासाठीच आहे.

माझी अट एकच. मी धडधाकट आहे तोवर दर हंगामात एक महिना मी सोबत जाईन आणि त्या महिन्यात पलंग माझा. गाडी ते चालवतील. हे मी मान्य केले आहे. आनंदाने केले असे लिहिणार नाही.

त्यांच्या अटी दोन. पेट्यांजवळ सेंट लावायचे नाही आणि काळे कपडे घालायचे नाहीत. सेंट मी आयुष्यात लावलेले नाही. काळ्या दोन साड्या यमुनाताईंनीच दिलेल्या आहेत, त्या त्यांनी परत घेऊन जाव्यात. याला वारसा म्हणू नये.

हौदा ते कापणार नाहीत, असे त्यांनी बायकोसमोर कबूल केले आहे.

७. हत्यारे. कारखान्यातील माझी ड्रिल मशीन, रिव्हेट गन, दोन्ही व्हर्नियर आणि पानांचा पूर्ण संच आशिष वर्मा यांना द्यावा. जागा सोडा असे त्यांनी सांगितले होते आणि ते बरोबर होते. हे तोंडाने सांगायला मला जमलेले नाही.

८. अंत्यविधी. विद्युतदाहिनी. तेराव्याची जेवणावळ नको. मी प्रवासात गेले तर जिथे जाईन तिथेच उरकावे. मला इंदूरला आणण्यासाठी पाटीदारांना पेट्या सोडून यायला लावू नये. फुले भरात असताना माश्या एकट्या ठेवता येत नाहीत.

९. या मृत्युपत्राची अंमलबजावणी रुची जामदार हिने करावी. यशवर्धनने आडकाठी करू नये. त्याला माझी काळजी वाटते हे मला कळते. काळजी वाटणाऱ्या माणसाने आधी विचारावे आणि मग गाडी विकावी, एवढेच माझे म्हणणे आहे.

वरील मजकूर मी पूर्ण वाचला आहे, एकदा डाव्या डोळ्याने आणि एकदा उजव्या. दोन्ही वेळा तोच होता. साक्षीदारांनी माझ्यासमोर आणि एकमेकांसमोर सह्या केल्या आहेत.

सही: इंदिरा प्रतापराव जामदार

साक्षीदार १: डॉ. भूषण सरवटे, शेजारी, स्नेहलतागंज. लिहून देणार पूर्ण शुद्धीवर आहेत. सही.

साक्षीदार २: यमुना विजय भागवत, नणंद. हे मला पटलेले नाही, पण सही माझीच आहे. सही.

स्थळ: इंदूर. दिनांक: १४ डिसेंबर २०२५, रविवार.

सुपूर्द केल्याची नोंद

त्याच दिवशी दुपारी, पोलोग्राउंड येथे. पिकअप मागे घेताना दिशा आशिष वर्मा यांनी दिली. कॅम्पर पहिल्याच खेपेत बसला. फट डावीकडे सहा मिलिमीटर, उजवीकडे सहा.

यशवर्धन न बोलावता आला. फाटकाशी उभा राहिला, मग आत आला, हँडल हातात घेतले आणि छत शेवटपर्यंत वर नेले. आत जाऊन उभा राहिला. बाहेर येऊन म्हणाला, "आई, अंथरूण पातळ आहे. तिकडे थंडी असते." तो घरी जाऊन त्याच्या खोलीतली रजई घेऊन आला.

श्री. अरविंद पाटीदार यांना दिले: कॅम्पर एक, लोखंडी पाय चार, साखळ्या आवळणीसह चार, विंचचे हँडल एक, तारेचा दोर जादा दहा मीटर, माझ्या हातचे नकाशे चौदा, किल्ली एक. मिळाले. सही: अ. पाटीदार.

श्रीमती इंदिरा जामदार यांना मिळाले: पाटीदारांच्या पत्नीने शिवलेली जाळीची टोपी एक, मधाची बाटली एक, किल्ली दुसरी, रजई एक.

निघणे सोमवार, २२ डिसेंबर, सकाळी सहा वाजता.