देवजीचा गुडघा

सोमवार, १२ फेब्रुवारी ९६

नात झाली! सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी. शेजारीण म्हणते, मुलगी आहे, जिलेबी वाटा. मी पेढेच वाटले. अख्ख्या चाळीत! एक जण म्हणाली, "शकुबाई, मुलगा झाला का?" म्हटलं, मुलीचं तोंड कडू असतं का गं? नाक माझ्या लेकाचं, ज्योतिबाचं. कान कुणाचे ते कळत नाही, दोन्ही दुमडलेले, कानवल्यासारखे. नाव त्यानं ठरवलंय, उत्कर्षा. साक्षरतेच्या वर्गात असलं जोडाक्षर शिकवलंच नव्हतं. तीनदा खोडलं.

शनिवार, २४ फेब्रुवारी

आज बारसं. ज्योतिबानं पाळणा डोक्यावर घेतला, तीन जिने चढला, आणि दारातच कोसळला. पाळणा रिकामा होता, देवा. पोरगं पांढरंफटक! कांदा फोडून हुंगवला तेव्हा डोळे उघडले. म्हणाला, "आई, पाहुणे आलेत, रडू नको." घुगऱ्या तशाच राहिल्या.

मंगळवार, २७ फेब्रुवारी

वाशीला डॉक्टरकडे गेलो. छातीवर थंडगार काहीतरी चोपडून मशीन फिरवलं. टीव्हीत ज्योतिबाचं काळीज दिसलं. पिशवीसारखं उघडत होतं, मिटत होतं. डॉक्टर म्हणाले, काळजाचा स्नायू जाड झालाय. ब्लडप्रेशरनंही होतो, पण याचं प्रेशर चांगलं आहे. मग म्हणाले, "आजी, बहुतेक वेळा हे रक्तातनं येतं. तुमच्या घराण्यात कुणी तरुणपणी एकाएकी गेलंय? असलं तर बाळालाही तपासायचं. नसलं तर दुसरं कारण शोधू."

मी म्हणाले, "नाही. कुणी नाही."

सूनबाई बाळ घेऊन शेजारीच बसली होती. तिनं "बरं झालं" म्हणून बाळाचा मुका घेतला.

बुधवार, २८ फेब्रुवारी

रात्रभर पाळण्याशी बसून राहिले.

शुक्रवार, १ मार्च

लिहिते. इथं तरी लिहिते.

माझा भाऊ सयाजी. बावीस वर्षांचा. गावच्या जत्रेत कुस्तीत मेला. समोर देवजी होता. दोन मिनिटं झाली नाहीत तोवर सयाजी आडवा! वडलांनी, आबांनी, मला चुलत्याच्या खांद्यावर बसवून बजावलं होतं, भावावर नजर ठेव. मी दहा वर्षांची. मी रेवडीवाल्याकडे बघत होते. आबांनी विचारलं, "देवजीनं छातीत गुडघा घातला का गं?" मला वाटलं, बघितलं नाही म्हणाले तर मार बसंल. हो म्हणून मान हलवली.

बस, एवढंच. तेवढ्यावर गाव उठलं. लहान पोर खोटं बोलत नाही म्हणे! देवजीला तालीम बंद, विहिरीवर पाणी बंद. कुणी मुलगी दिली नाही. शेवटी तो इकडं आला. छत्तीस वर्षं झाली. तुर्भ्याच्या कांदा-बटाटा मार्केटात पाठीवर गोण्या वाहतो. आमचे हेही रिटायर होईपर्यंत तिथंच होते. शेजारी उभा राहिला तरी त्याच्याशी बोलायचे नाहीत. तो वाटेत दिसला की मी पदर ओढून गल्ली बदलते.

डॉक्टरला खरं सांगितलं तर देवजी सुटतो. मग मी कोण?

पण बाळ झोपेत हसतं, आणि मला ते मशीन आठवतं.

सोमवार, ४ मार्च

सांगितलं. आधी ज्योतिबाला, मग डॉक्टरला. खुर्चीत बसवेना, उभ्यानंच सांगितलं. डॉक्टर म्हणाले, सयाजीलाही बहुतेक हाच आजार असणार. जोर लावताना माणूस असाच जातो, त्याला मार लागावा लागत नाही. "आजी, हे त्या दिवशीच सांगायला हवं होतं." सूनबाईनं बाळाला माझ्या हातातनं उचलून घेतलं.

बाळाचं काळीज आज ठीक आहे. बोराएवढं! पण दर वर्षी दाखवायचं, मोठी होईपर्यंत. माझ्याही छातीवर मशीन फिरवणार. ज्योतिबाला गोळ्या, आणि ओझं उचलायचं नाही. कंपनीत दुसरं काम मागणार आहे.

परत येताना रिक्षात तो माझ्याकडं न बघता म्हणाला, "आई, मग देवजीकाका?"



शनिवार, ९ मार्च

सूनबाईनं आज बाळ माझ्याकडं दिलं. "आत्या, तेल लावा." पोरगी काय लाथा मारते! उद्या देवजीकडं जाणार. हे नको म्हणतात. कशाला जुनं उकरतेस, म्हणाले.

रविवार, १० मार्च

देवजीच्या खोलीवर गेले. उंबऱ्यातच सगळं सांगितलं. मी बघितलं नव्हतं, तुमी काही केलं नाही, आमच्या रक्तातच होतं. वाटलं, अंगावर येईल. त्यानं बसायला पोतं टाकलं. म्हणाला, "शकू, पहिली दोन वर्षं मला गुडघा घातल्याचं आठवत नव्हतं. पण तू बारकी पोर, खोटं कशाला बोलशील? म्हणून मी मानलं. आता तू काय बी सांग. माझा गुडघा त्याच्या छातीत बसलेला मला लख्ख दिसतो."