सहा चौकोनांतली सुईण

कार्तिक वद्य ५, शके १८६०

इंद्रभानला अकोल्याला कार्ड टाकलं. आधी एकेकाची विचारपूस केली — माझ्या भावाचा दमा कसा आहे, सूनबाईच्या पायाची सूज उतरली का, धाकटीचा गोवर गेला का, म्हैस आटली की अजून देते, आणि छापखान्यातल्या त्या दगडावर वाकून वाकून चित्रं काढतोस तर तुझी मान कशी आहे. अर्धं कार्ड तिथंच संपलं. भाचा आहे, विचारावं लागतं.

उरलेल्या अर्ध्यात कामाचं. चित्रांची गोष्ट छापून दे, सुइणींसाठी. अक्षर एकही नको, त्यांना काय वाचता येतं! गोष्ट एवढीच — एक सुईण गोठ्यातला विळा घेते, त्यानं नाळ कापते, बाळ लाकडासारखं ताठ होऊन जातं. दुसरी सुईण चाकू-दोरा आधी उकळते, मग कापते, बाळ जगतं. तीन वर्षांमागं वाशीमच्या दवाखान्यात नर्सबाईनं मला हे सांगितलं होतं.

तुळसा पौषात बाळंत होणार. पहिलटकरीण. माझ्या उजव्या हाताची दोन बोटं वाकून बसली आहेत — लेखणी धरवते, ओलं निसटतं लेकरू धरवत नाही. केनवडात दुसरी सुईण एकच. अमीनाबी!

तिच्या हाती माझी लेक द्यायची! बारा वर्षांमागं नानाजीच्या घरचं बाळ तिच्याच ओंजळीत आलं आणि नवव्या दिवशी गेलं. सारं गाव जाणतं. तेव्हापासून आमचं बोलणं बंद. तोंडानं मी तिला शिकवणार नाही आणि ती माझं ऐकणार नाही. म्हणून कागद.

कार्डाच्या कडेला बारीक लिहिलं — वाईट सुइणीच्या डाव्या गालावर मोठा तीळ काढ. कमरेला हिरवा बटवा. ओळखली पाहिजे.

कार्तिक वद्य १२

इंद्रभानचं उत्तर. आत्या, विलायती पेपरात एका कागदावर सहा चौकोन असतात, वर तीन खाली तीन, आपणही तसंच करू. वर वाईट सुईण, खाली चांगली. आणि माणसं कमरेपर्यंतच, म्हणजे तोंडं मोठी येतात.

मी म्हटलं होतं एका पानावर एक चित्र, सुई-दोऱ्यानं शिवलेली वही. पण मी कोण! पुडीच्या कागदावरून अक्षरं शिकलेली म्हातारी. कालचा चिल्लर पोट्टा, मी न्हाणीत धुतलेला, मला चौकोन शिकवतो. गाढवाला आला मान!

मार्गशीर्ष शुद्ध ६

कागद आला. चित्रं देखणी आहेत, खोटं कशाला बोलू. तीळ तर असा ठळक की माशी बसली वाटावी. मला बरं वाटलं. फार बरं वाटलं.

शेजारच्या धनीबाईला दाखवला. तिनं कागद उभा धरला, आडवा धरला. म्हणाली, "एका बाळंतिनीपाशी सहा बाया कायले जमल्या वं?"

मी सांगितलं, दोनच आहेत, एकेक तीनदा काढली आहे. तिनं माझ्याकडे असं पाहिलं जसं मलाच वेड लागलं. मग विचारते, "अन् ह्यायचे पाय कोनं तोडले?"

इंद्रभानला आज दुसरं कार्ड. विचारपूस केली नाही.

मार्गशीर्ष शुद्ध ७

तुळसा आली सासरहून, रिठदहून, बैलांच्या दमणीत. पोट खाली उतरलंय. तोंड सुकलंय. मला पाहून हसली.

मार्गशीर्ष शुद्ध १४

कात्री घेतली, सहा चौकोन कापले, वही शिवली. घे, माझं खरं!

धनीबाईनं वही मधूनच उघडली. मग मागचं पान. मग पुढचं. तिच्या हिशेबानं बाळ आधी मेलं, मग दूध प्यालं, मग पोटात गेलं. पान उलटलं म्हणजे वेळ सरली, हे तिला कोण सांगणार? मी सांगितलं. ती म्हणाली, "वेळ सरते तं दिवस मावयते बाई, कागद कायले पलटवा लागते?"

म्हणजे चौकोनही फसले आणि वहीही. भाचा तिकडं दात काढत असेल. दुसरी प्रत उरली आहे, ती भिंतीला चिकटवली. रोज दिसते. तीळ आधी दिसतो.

मार्गशीर्ष वद्य ४

तुळसानं मला न विचारता घात केला. भिंतीवरचा कागद काढून अमीनाबीला नेऊन दाखवला! म्हणे, कोणाला तरी बोलवावंच लागेल ना माय.

आणि संध्याकाळी ती स्वतः आली. दारात. उंबऱ्याबाहेर बसली, आत ये म्हटलं नाही मी. बारा वर्षांत किती वाळली आहे. तीळ मात्र तसाच.

कागद गुडघ्यावर ठेवला नि उजवीकडून बोट ठेवलं — कुराण वाचते ती, तिचं वाचणं तिकडूनच. खालची ओळ वाचली. "लेकरू दूध पेते. मंग नाळ कापते. मंग चाकू उकळते." मान हलवली. "आंदी कापाचं अन् मंग धुवाचं. हे तं तुह्यावानीच झालं, रंगू."

मी म्हटलं, डावीकडून वाच.

म्हणाली, "धनीबाईले डावं समजत नाई, मले उजवंच समजते. मंग कागद कोनासाठी?" बटव्यातून नाळ बांधायचा दोरा काढला, पहिल्या चौकोनावर एक टोक ठेवलं आणि सहाही चौकोनांवरून वळवत वळवत शेवटच्या बाळापाशी आणलं. "दोरा जाते तिकडं बोट जाते. सुईन दुसरं काय जानते?"

भाच्याला नाही सुचलं, मला नाही सुचलं, सुचलं ते हिला! अंगाची लाही झाली.

उठताना वरच्या चौकोनावर नख टेकवलं. "तीळ माहा काढला. बरं केलं, लोकायनं ओयखावं. पन इळा कोनाचा व्हता, थेही काढाचं ना."

आणि तुळसाला ऐकू जाईल असं — "येईन मी. पन बोलावनं तुह्या तोंडानं पायजे. भर दिवसा, माह्या गल्लीत."

जाईन मी? मेल्यावर!

मार्गशीर्ष वद्य ५

विळ्याचं काय बोलली कोण जाणे. म्हातारपणी माणूस भ्रमतो.

जेवण गेलं नाही.

पौष शुद्ध ४

पहाटे तुळसाच्या कळा सुरू. दिवस चांगला वर येईपर्यंत मी थांबले. आपण होऊन सुटेल, म्हटलं. सुटली नाही. तुळसानं खांब धरला होता आणि एकदाही मला म्हटली नाही की जा. तेच लागलं.

गेले. गल्लीत रहमतबी, म्हणजे अमीनाची जाऊ, गहू निवडत होती, आणखी चार बाया होत्या. त्यांच्यासमोर म्हटलं, "अमीना, चाल. माही लेक अडली."

तिनं बटवा उचलला. जागेवर ठेवलेलाच होता.

घरात येताच मी सांगायला तोंड उघडलं, पाणी उकळ म्हणून. तिनं चाकू आणि दोरा आधीच चुलीवरच्या गंजात टाकले होते. न बघता, रोजचं काम असल्यासारखं. मी विचारलं, कागदावरून शिकलीस?

"नाई वं. नानाजीच्या घरून आली तवापासून. त्या इळ्याले शेनाचा वास व्हता. मले तवाच गमलं."

बारा वर्षं! मला नर्सबाईनं सांगून तीन.

मुलगी झाली. रडली मोठ्यानं. अमीनाबीनं नाळ कापली, मी दिवा धरला होता, खोलीला खिडकी नाही. जाताना म्हणाली, नऊ दिवस पाह्य.

पौष शुद्ध ८

पाचवा दिवस. बाळ दूध ओढते. मी दर घटकेला तिचा जबडा चाचपते, ताठला तर नाही. तुळसा रागावते.

पौष शुद्ध १०

सातवा. ओढते.

पौष शुद्ध १२

नववा. अमीनाबी आली. ह्या वेळी आत बसली. चहा प्यायली. तिच्या मांडीवर पोर झोपली आणि ती मला म्हणाली, "नानाजीचं लेकरू गेलं, त्या साली सात गावचं बोलावनं बंद झालं माह्यं. तू एक शब्द बोलली असती तं." एवढंच. मग पोरीचं जावळ पाहू लागली.

पौष शुद्ध १३

इंद्रभानला कार्ड. उतरवून ठेवते —

चौकोन सहाच राहू दे, तुझं खरं. पण सगळ्यांतून एक जाड लाल दोरा काढ, पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत. माणसांना पाय दे. वरच्या ओळीतल्या बाईच्या गालावरचा तीळ खोड, तिथं माझं तोंड काढ — नाकात मोरणी, कपाळावर गोंदण, आणि वाकडी दोन बोटं. नानाजीच्या घरी बाळ अमीनाबीनं झेललं, नाळ मी कापली. विळा गोठ्यातला, माझ्या हातातला. खालच्या ओळीतल्या बाईला तीळ दे. हिरवा बटवा दे.

उत्तर लवकर लिही.