शाईची रेघ आणि दुसरी किल्ली

मी, खाली सही करणारी, वय वर्षे बाहत्तर, धंदा गाड्यांच्या सीटा शिवणे, हे मृत्युपत्र माझ्याच हाताने, कोणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत टाचला आहे. तो काढायची वेळ थोरल्याने आणली. डॉक्टरांनी मला तारीख विचारली. ती सांगून मी त्यांच्या खुर्चीची शिवण कुठे उसवली आहे तेही दाखवलं. दाखला लगेच मिळाला.

१. राहतं घर थोरला मुलगा आणि धाकटी मुलगी यांना निम्मं निम्मं. वरच्या खोलीची खिडकी जरा उचलून ओढावी लागते. धसमुसळेपणा करणाऱ्याने ती खोली घेऊ नये.

२. शिलाई मशीन, जाड सुया आणि कात्र्या धाकटीला. थोरल्याने कात्रीला हात लावायचा नाही. शाळेत असताना त्याने माझ्या कापडाच्या कात्रीने पुठ्ठा कापला होता, ते मी विसरलेली नाही.

३. वन्संना, म्हणजे माझ्या नणंदेला, त्यांची निळी बॅग परत द्यावी. एकतीस वर्षांपूर्वी आम्ही पाचजण तेवीस दिवसांच्या सुट्टीवर समुद्र बघायला निघालो, तेव्हा वन्संनी तिच्यात इस्त्री घेतली होती. गाडी नदीकाठच्या चिखलात रुतली. आम्ही चौघं गुडघाभर चिखलात उतरून ढकलत होतो आणि वन्सं आत बसून म्हणत होत्या, "मी उतरले तर बॅगेकडे कोण बघणार?" इस्त्री अजून आतच आहे.

४. गाडी त्या नदीपाशी का थांबली, हे घरात सगळ्यांना पाठ आहे. नकाशात पूल होता, नदीवर नव्हता. नुसते चार खांब उभे होते आणि त्यांवर पक्षी बसले होते. चिखलात गिअरबॉक्स गेला, सुटा भाग येईपर्यंत अकरा दिवस आम्ही काठावरच्या शाळेच्या एका वर्गात बाकं जोडून झोपलो, आणि समुद्र न बघता परत आलो. तेव्हापासून घरात कोणाचंही काही चुकलं की म्हणतात, "हा आईचा पूल." जावईसुद्धा म्हणतात, आणि ते तर तेव्हा आमच्यात नव्हतेही.

आता ऐका. तो पूल माझा नव्हता.

तुमचे बाबा जमीनमोजणीच्या कचेरीत नकाशे काढायचे. व्हायचं असलेलं काम तिथे तुटक रेघेने दाखवतात. सुट्टीसाठी त्यांनी कचेरीतला नकाशा ट्रेसिंग कागदावर उतरवला आणि घाईत ती तुटक रेघ अखंड ओढली. नदीवर ते गाडीच्या मागे जाऊन उभे राहिले. मला म्हणाले, "पोरांना कळलं तर माझ्या रेघेवर कोण विश्वास ठेवील?" मी म्हटलं, "यांनी पेन्सिलीने बरोबर काढलं होतं, शाई मी फिरवली, असं सांगते." आणि सांगितलं.

त्याचं मला वाईट वाटत नाही. पण पुढे हसणाऱ्यांत हेही असायचे, ते मात्र लागलं. एकदाही म्हणाले नाहीत की पुरे आता. ते होते तोवर मी शब्द पाळला. त्यांना जाऊन सहा वर्षं झाली, आता माझ्याच्याने पाळवत नाही.

५. नकाशा थोरल्याला. पुलाच्या रेघेखाली बाबांची बारीक सही आहे, भिंग घेऊन बघ. मी शाई फिरवली असती तर सही त्यांची कशी असती, एवढं इंजिनिअर होऊन तुला सुचू नये?

६. गाडी मी आहे तोवर माझी. गेल्या महिन्यात थोरल्याने तिची किल्ली "तुझ्याच भल्यासाठी" खिशात घातली. गाडीला गिऱ्हाईक बघितलं, माझ्यासाठी त्याच्या घरातली मागची खोली रिकामी केली. मी नाही म्हटलं तर हसून म्हणाला, "आई, तुझे निर्णय आम्हाला माहीत आहेत. पूल आठवतो ना?"

आठवतो. म्हणून तर हे लिहिते आहे. दुसरी किल्ली कायम माझ्या सुयांच्या डबीत होती. तुझी मागची खोली तू वन्संना दे, इस्त्रीसकट.

७. गाडीच्या सीटा मी नव्याने शिवल्या आहेत. ब्रेक गॅरेजवाल्याने बघून दिले. तोच म्हणाला, तो पूल कधीच झाला, मागच्या आठवड्यात त्यावरून जाऊन आलो. पलीकडे दोन तासांवर समुद्र आहे. धाकटीला यायचं असेल तर तिने उद्या पहाटे सहाला दुकानापाशी उभं राहावं. इस्त्री आणू नये.

८. मी परत आले तर हे मृत्युपत्र कपाटात राहील, पण कलम चार आजच घरात मोठ्याने वाचावं. वाचायचं थोरल्याने.

साक्षीदार : गॅरेजवाला (सही). समोरच्या औषधाच्या दुकानातली बाई (सही). दोघांनी मला सही करताना पाहिलं, आणि त्याआधी गाडी मागे घेतानाही.

सही : शाईने, माझीच.

दिनांक : चौदा मार्च.

ठिकाण : माझं दुकान. उद्या दुपारी कोणी विचारलं तर, पूल.