दिवाणखान्यातल्या खांबाबद्दल

तीर्थस्वरूप आत्याबाईंना भाचेजावयाचा साष्टांग नमस्कार.

तुमचा गुडघा कसा आहे? इकडे सगळे खुशाल आहेत, निदान शनिवारपर्यंत तरी. शनिवारी तुमच्या भावाच्या दिवाणखान्यात मधोमध उभा असलेला खांब पाडायचं ठरलं आहे. त्या खांबावर तुळई, तुळईवर वरचा मजला, मजल्यावर पाण्याची टाकी. आणि खाली, जेवायच्या वेळी, आपलं सगळं घर. हे मी सासूबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "तुम्ही फार काळजी करता बाई."

काळजी करण्याचाच मला पगार मिळतो, हे कुणाला पटत नाही. इमारत उभी राहिली की आर्किटेक्टचा सत्कार होतो (रंगाऱ्याचंसुद्धा कौतुक होतं), माझी आठवण निघते ती भिंतीला चीर पडल्यावर. आमच्या धंद्यात यश म्हणजे काहीही न घडणं, आणि न घडलेल्या गोष्टीचा फोटो कोण काढणार? लोकांच्या घरी गेलो की माझी नजर आपोआप छताकडे जाते. लग्नाच्या बोलण्यांसाठी पहिल्यांदा तुमच्या भावाच्या जुन्या घरी आलो तेव्हाही तसंच झालं. (मुलगा भाविक आहे, असं सासूबाईंना वाटलं. मी गळती बघत होतो.)

तर भांडणाचं मूळ आहे नवा काटकोनी सोफा. खांबामुळे तो आत मावत नाही, म्हणून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला ओसरीत पडून आहे, आणि दिवाणखान्याच्या मध्ये मीच उभा असल्यासारख्या सासूबाई माझ्याकडे बघतात. मेहुण्याने एक ठेकेदार आणला. त्याने खांबावर टकटक केलं, कान लावला आणि निकाल दिला, "हा नुसता शोभेचा आहे. इंजिनिअर लोक उगीच घाबरतात." (हा खांब शोभेचा वाटणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहिला.) मी नकाशे काढले, आकडेमोड दाखवली. शेवटी जेवणाच्या टेबलावर तीन वाट्या पालथ्या घालून वर पट्टी ठेवली, पट्टीवर मिठाची बरणी ठेवली आणि मधली वाटी काढून घेतली. पट्टी वाकली, बरणी फुटली. जावयाला घरातल्या वस्तूंची किंमत नाही, एवढाच अर्थ सासूबाईंनी त्यातून काढला. सासरे चष्मा पुसत बसले. तुमची भाची म्हणते, "तुझं बरोबर आहे, पण आईला सांगणार कोण?"

मला त्या खांबाचा अभिमान नाही. दिसायला तो वाईटच आहे. पण त्याच्याखाली माझी माणसं जेवतात, आणि आत्याबाई, मला खरोखर भीती वाटते.

प्रकृतीला जपा.

तुमचा,
भाचेजावई

ता.क. सासूबाई आकड्यांना भीत नाहीत, तुमच्या स्वप्नांना भितात. तुमच्या स्वप्नात साप आला म्हणून त्यांनी न्हाणीघराचं चांगलं दार बदलून टाकलं होतं. तेव्हा शुक्रवारपर्यंत तुम्हाला एक स्वप्न पडावं, ही नम्र विनंती. (हिशेब तपासल्याशिवाय मी आजवर कशावरही सही केलेली नाही. या पत्रावर करतो आहे.) स्वप्नात तुमचे भाऊ खांबाला मिठी मारून उभे असावेत आणि ठेकेदार जवळ येताच त्यांनी हंबरडा फोडावा. खांब दिवाणखान्यातलाच हवा, ओसरीतला नको.

ता.क. २. जिवंत माणसाला न विचारता स्वप्नात आणणं बरं नाही, म्हणून सासऱ्यांना विचारलं. ते लगेच तयार झाले. म्हणाले, "जागेपणी या घरात माझं कुणी ऐकत नाही. ताईला म्हणावं, रडणं राहू दे, स्वप्नात मला जरा ओरडू दे."